अजिनोमोटोनं माझ्या मुलाच्या मेंदूच्या पेशी जळल्या असतील का?

माई, नमस्कार.

डिचोलीजवळच्या गावात आम्ही राहतो. घरात मी, हे, आमचा सात वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. महिनाभर माझी झोप उडाली आहे. मोबाइलवर एक व्हिडिओ आला. अजिनोमोटो, खाण्याचे रंग आणि शुगर-फ्री गोळ्या यांनी मेंदूच्या पेशी नको इतक्या उत्तेजित होऊन जळतात, आणि जळलेली पेशी परत येत नाही, असं त्यात सांगितलं होतं. आमचा बाबू आठवड्यातून तीन-चार वेळा पाकिटातल्या नूडल्स खातो. जत्रेला गेलो की गोबी मंच्युरियन खाल्ल्याशिवाय घरी येत नाही. टीचर म्हणतात, तो एका जागी बसतच नाही.

सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी माळ घातली, तेव्हापासून मासळी, अंडं बंद. मधुमेह दहा-बारा वर्षांचा, त्यावर मेटफॉर्मिन आणि आणखी एक गोळी. चहात शुगर-फ्री. हल्ली त्या फार विसरतात. गॅस चालूच राहतो, परवा शेजारणीचं नाव आठवेना. तळपायांना मुंग्या येतात म्हणतात.

मी घाबरून घरातली सगळी पाकिटं टाकली. व्हिडिओत आयोडीनचं मीठही वाईट म्हटलं होतं, म्हणून आगरातलं मीठ आणून तेच वापरते. त्याच लोकांची ‘मेंदू शुद्धी’ची पावडर आहे. दोघांसाठी तीन महिन्यांचे नऊ हजार होतात. ह्यांचा विरोध आहे आणि घरात रोज वाद होतात. माई, पेशी खरंच जळल्या असतील का? पावडर घेऊ का?

— एक आई

*

नऊ हजार रुपये तुमच्यापाशीच ठेवा. बाबूच्या पेशी नूडल्सनी जळलेल्या नाहीत. हे मी तुमची समजूत काढायला म्हणत नाही. का जळलेल्या नाहीत ते खाली सविस्तर सांगते, म्हणजे पुढच्या व्हिडिओच्या वेळी तुम्हाला मला विचारावं लागणार नाही. तुमच्या पत्रातल्या दोन ओळींनी मात्र मला अजिनोमोटोपेक्षा जास्त काळजीत टाकलं. एक सासूबाईंच्या तळपायांच्या मुंग्यांची आणि दुसरी मिठाची. त्या दोन्हींकडे मी येणारच आहे.

आधी तुमच्या भीतीचं मूळ पाहू. तो व्हिडिओ सगळा खोटा नाही, म्हणूनच तो तुम्हाला पटला. १९०८ साली किकुनाए इकेदा या जपानी रसायनतज्ज्ञानं समुद्री शेवाळाच्या कढणातून एक चवदार घटक वेगळा केला. तो म्हणजे ग्लुटामेट. त्याचं सोडियमबरोबरचं मीठ म्हणजेच आपण अजिनोमोटो म्हणतो ते. पाकिटावर त्याचा क्रमांक ६२१ असतो. पुढे १९६९ साली जॉन ओल्नी या अमेरिकी संशोधकानं नुकत्याच जन्मलेल्या उंदरांच्या पिल्लांना हे द्रव्य टोचलं. त्यांच्या मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागातल्या पेशी मेल्या आणि ती पिल्लं मोठी होऊन लठ्ठ झाली. ‘पेशी उत्तेजित होऊन मरते’ ही कल्पना तिथून आली. ती कल्पना खरी आहे आणि मेंदूच्या अभ्यासात आजही महत्त्वाची आहे. त्या काळी अमेरिकेत बाळांच्या डबाबंद आहारातून अजिनोमोटो काढूनही टाकला गेला.

पण त्या पिल्लांना तो कसा दिला होता, ते पाहा. कातडीखाली टोचून, वजनाच्या दर किलोमागे अर्ध्या ग्रॅमपासून चार ग्रॅमपर्यंत. तुमचा बाबू बावीस किलोचा धरला, तर हा हिशेब ११ ग्रॅमपासून ८८ ग्रॅमपर्यंत जातो, आणि तोही तोंडानं नव्हे, सुईनं. ही वाट महत्त्वाची आहे. जेवणातून आलेल्या ग्लुटामेटपैकी बहुतेक भाग आतड्याच्या पेशी स्वतःच इंधन म्हणून वापरून टाकतात. रक्तात थोडंच पोचतं. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये पुन्हा एक पडदा असतो, तो त्यातलं फारसं काही आत सोडत नाही.

आणि ग्लुटामेट हा काही परका पदार्थ नाही. पिकलेल्या टोमॅटोत तो आहे, पावसाळ्यात वारुळावर उगवणाऱ्या अळम्यांत आहे. सुक्या सुंगटांच्या किसमूरची चव जिभेवर रेंगाळते त्यात त्याचा मोठा वाटा आहे. आईच्या दुधात जी मोकळी अमिनो आम्लं असतात त्यांत सगळ्यांत जास्त प्रमाण ग्लुटामेटचंच असतं. बाबूनं ते पहिल्या दिवसापासून तुमच्याकडूनच घेतलं आहे.

मेंदू स्वतःही ग्लुटामेट तयार करतो, कारण एका पेशीनं दुसरीला निरोप द्यायचा तर बहुतेक वेळा तो ग्लुटामेटच्याच हातून जातो. निरोप घेणाऱ्या पेशीला एक दार असतं. एरवी त्या दारात मॅग्नेशियमचा एक कण खिटीसारखा अडकलेला असतो. निरोप पुरेसा जोरकस असला की खिटी सुटते, थोडं कॅल्शियम आत जातं आणि दार बंद होतं. शिकणं, आठवणं हे सगळं या उघडझापीवर चालतं. दार उघडंच राहिलं आणि कॅल्शियमचा लोंढा आत शिरला, तर पेशी मरते. व्हिडिओवाल्यांनी एवढंच सांगितलं आणि नेमकं पुढचं गाळलं. हे दार असं सताड उघडं राहतं ते बहुतेक वेळा मेंदूचा रक्तपुरवठा तुटला किंवा डोक्याला जबर मार बसला तर. तेव्हा जखमी पेशींमधलाच ग्लुटामेट बाहेर सांडतो आणि शेजारच्या चांगल्या पेशींना घेऊन बुडतो.

म्हणून मेंदूच्या पेशींना जपायचं कसं, तर माझं पहिलं उत्तर स्वयंपाकघराच्या बाहेरचं आहे. बाबू शाळेत कसा जातो? स्कूटरवर, बाबांच्या मागे बसून जात असेल तर त्याच्या मापाचं हेल्मेट आजच घ्या. मोठ्यांचं हेल्मेट त्याच्या डोक्यावर डगडगतं, त्याचा काही उपयोग नाही. चार वर्षांवरच्या मुलाला दुचाकीवर हेल्मेट कायद्यानंही लागतं, पण आपल्याकडे शाळा सुटताना फाटकाशी उभं राहून पाहिलं तर किती मुलांच्या डोक्यावर ते दिसतं? माझा जीव तिथे खरोखर वरखाली होतो. त्या नऊ हजारांतले थोडे पैसे इथे जाऊ देत. तुमच्या घरात मेंदूच्या पेशी वाचवणारी याहून खात्रीची खरेदी नाही.

म्हणजे अजिनोमोटो कितीही चालेल का? नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१७ साली पुन्हा सगळे अभ्यास तपासले आणि रोजची मर्यादा ठरवली: वजनाच्या दर किलोमागे ३० मिलिग्रॅम ग्लुटामेट. पिल्लांच्या मेंदूच्या वाढीवर काही परिणाम न दिसलेली मात्रा घेऊन तिला शंभरानं भागून हा आकडा काढला आहे. बावीस किलोच्या मुलाला तो दिवसाला साधारण ६६० मिलिग्रॅम होतो. गाड्यावरचा माणूस चमचा मोजून टाकत नाही, त्यामुळे एका भरल्या बशीत मूल ही मर्यादा सहज ओलांडू शकतं. ओलांडली म्हणजे पेशी मेल्या असं नाही, मर्यादेत शंभरपटीचं अंतर ठेवलेलंच आहे. पण हे रोजचं खाणं नव्हे. काहींना रिकाम्या पोटी जास्त अजिनोमोटो गेल्यावर डोकं दुखतं, चेहरा तापल्यासारखा होतो, हेही खरं. तसं होत असेल तर त्या माणसानं टाळावं. बारा महिन्यांखालच्या बाळांसाठी तो नाही, हे पाकिटावर छापणं आपल्या कायद्यानंही सांगितलं आहे.

पाकिटातल्या नूडल्सबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. त्यात मीठ फार. एका लहान पाकिटात साधारण दोन ते अडीच ग्रॅम मिठाएवढं सोडियम असतं, आणि मोठ्या माणसाचीच दिवसाची मर्यादा पाच ग्रॅम आहे. मागची बाजू वाचायची सवय लावा. ६२७, ६३१, ६३५ हे आकडे दिसले तर तेही चव वाढवणारेच पदार्थ आहेत. ‘अजिनोमोटो नाही’ असं पुढे मोठ्या अक्षरांत लिहून मागे यीस्टचा अर्क घातलेला असतो, त्यातही ग्लुटामेट असतंच. पण मुख्य तोटा असा की तीन-चार दिवस संध्याकाळी नूडल्सनी पोट भरलं की त्या दिवशी पोटात जायची ती उसळ, तो तारल्याचा तुकडा, ती पेज राहून गेली. ब्राझीलमध्ये दहा हजारांहून अधिक माणसांना कित्येक वर्षं तपासत राहून २०२२ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात असंच दिसलं. ज्यांच्या रोजच्या उष्मांकांचा पाचवा भाग किंवा त्याहून जास्त असा कारखान्यात फार प्रक्रिया केलेल्या अन्नातून येत होता, त्यांची एकूण आकलनशक्ती आणि विचारशक्ती इतरांपेक्षा वेगानं उतरली. त्याचं खापर एकाच पावडरीवर फोडता येत नाही. सगळं ताटच बदललेलं असतं.

तेव्हा बंदी नको. बंदी घातलेलं मूल शेजारच्या घरात जाऊन खातं. आठवड्यातून एकदा नूडल्स करा, मसाल्याची अर्धीच पुडी घाला, वर अंडं फोडा, गाजर-फरसबी टाका. त्यालाच अंडं फेटायला बसवा.

आता रंग. इथे मात्र तुमची भीती मला बरीचशी मान्य आहे. २००७ साली इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठात जवळपास तीनशे मुलांवर एक प्रयोग झाला. काही तीन वर्षांची, काही आठ-नऊची. काही दिवस त्यांना कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट मिसळलेलं पेय दिलं, काही दिवस तसंच दिसणारं साधं. कोणत्या दिवशी काय हे मुलांना, आईबापांना माहीत नव्हतं. रंगाच्या दिवसांत मुलांची चुळबूळ सरासरीनं थोडी वाढली. सगळ्यांची नाही, काहींची जास्त. २०१० पासून युरोपात त्या सहा रंगांपैकी एखादा असला की ‘मुलांच्या वागण्यावर आणि लक्षावर वाईट परिणाम होऊ शकतो’ असं छापावं लागतं. त्यांतले टार्ट्राझिन म्हणजे १०२, सनसेट यलो म्हणजे ११०, कार्मोइझिन म्हणजे १२२ आणि पाँसो म्हणजे १२४ हे चार आपल्याकडे ठरावीक पदार्थांत, ठरावीक मर्यादेत चालतात. पेपरमिंटच्या गोळ्या, जेली, रंगीत सरबतं, केकवरची फुलं उचलून पाहा. हे पेशी मरण्याचं प्रकरण नाही, वागण्यातला फरक आहे, आणि रंग थांबला की परिणामही थांबतो. म्हणून एक करा. चार आठवडे बाबूच्या खाण्यातून हे रंग पूर्ण काढा आणि टीचरना काही न सांगता महिनाअखेरीस विचारा. फरक पडला तर उत्तम.

फरक पडला नाही तर झोप मोजा. सात वर्षांच्या मुलाला रात्री नऊ ते बारा तास झोप हवी, आणि आमच्याकडे येणाऱ्या चुळबुळ्या मुलांपैकी कितीतरी साडेअकरापर्यंत मोबाइल बघत जागी असत. एकदा हिमोग्लोबिनही तपासून घ्या. लोह कमी असलेलं मूल कधी मलूल दिसतं, कधी नुसतं अस्वस्थ.

जत्रेचं गोबी मंच्युरियन हा आपल्याकडचा जुना वाद. २०२२ साली वास्कोच्या दामोदर सप्ताहाच्या वेळी अन्न व औषध प्रशासनानं (एफडीए) मुरगाव पालिकेला हे गाडे आवरायला सांगितलं होतं. २०२४ च्या सुरुवातीला म्हापसा नगरपालिकेनं तर बंदीच घातली. कारणं दोन्ही वेळा तीच सांगितली गेली, कृत्रिम रंग आणि अस्वच्छता. त्याच वर्षी फेब्रुवारीत पुदुच्चेरी आणि तामिळनाडूनं कॉटन कँडी बंद केली, कारण तिच्यात ऱ्होडामाइन-बी निघालं. तो कापड रंगवायचा रंग, खाण्यात त्याला कोणत्याही प्रमाणात परवानगी नाही. गाडेवाल्याचंही पोट त्यावर आहे, हे मी विसरत नाही. पण जो लालभडक रंग बोटांवर दुसऱ्या दिवशीही राहतो तो मुलाच्या पोटात जाऊ नये. घरी करा. खोल्याच्या मिरचीनं काय सुंदर लाल रंग येतो, तिच्यापुढे कुठल्याही डबीतला रंग फिका. आणि जत्रेत बाबूचा हात धरून आधी खाजेवाल्याकडे चला. बेसन, गूळ, आलं आणि तीळ, बस्स. आपल्या खाज्याला आता भौगोलिक मानांकनही आहे. तो गोड पदार्थच आहे, रोज नको. पण जत्रा रोज नसते.

रंगावरून हळद आठवली, आणि ही गोष्ट व्हिडिओत असायला हवी होती. पिवळाधमक रंग यावा म्हणून हळदीत कधी लेड क्रोमेट मिसळतात. त्यात शिसं असतं. मुलांच्या मेंदूला शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित नाही. झालेलं नुकसान भरून येत नाही, आणि चवीनं किंवा वासानं ते कळतही नाही. बांगलादेशात २०१९ साली संशोधकांनी गरोदर बायकांच्या रक्तातल्या शिशाचा माग काढला, तो हळदीपाशी पोचला. सरकारनं धाडी घातल्या, दंड केले, लोकांना समजावलं. बाजारातले जवळजवळ निम्मे नमुने भेसळीचे होते, ते प्रमाण दोन वर्षांत शून्यावर आलं. म्हणजे हे थांबवता येतं.

घरात तुम्ही काय कराल? सुटी भुकटी घेऊ नका. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा पुरुमेताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीच्या खरेदीच्या वेळी अख्खी हळकुंडं मिळतात. फार झळझळीत पिवळी आणि वरून पूड सुटणारी नकोत, मातकट दिसणारी घ्या आणि दळून आणा. परसात पातोळ्यांच्या पानांसाठी हळद लावली असेल तर तिचीच हळकुंडं उकडून वाळवा. पाकीट घेतलंत तर त्यावर चौदा आकडी परवाना क्रमांक आहे ना, तेवढं बघा. ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद टाकून न ढवळता ठेवली, तर चांगली हळद फिकट पिवळं पाणी ठेवून तळाशी बसते. पाणी गडद पिवळं झालं तर ती वापरू नका. थोडं शिसं या परीक्षेत सापडत नाही, म्हणून अख्खं हळकुंडच बरं.

दुसरं, मुलाच्या अंगात लोह आणि कॅल्शियम पुरेसं असेल तर आतडं शिसं कमी शोषतं. नाचण्याचं तिझण, काट्यासकट चावून खाता येणारी बारीक तारली, तांबडी भाजी आणि तिच्यावर लिंबू, खुबे-तिसऱ्या. तारले-बांगड्यांत मेंदूच्या पेशींचं आवरण ज्या चरबीचं बनतं ती ओमेगा-३ चरबीही असते. तुम्ही पावडर शोधत होता, ती बाजारात कोळणीच्या पाटीत आहे.

आता मीठ. हे आजच बदला. खाण्यात बाहेरून मिसळलेलं ते सगळं वाईट, असं त्या व्हिडिओनं तुमच्या मनात बसवलं. पण मेंदूसाठीच मुद्दाम मिसळलेला पदार्थ जर कुठला असेल तर तो मिठातलं आयोडीन. आयोडीन कमी पडलं की थायरॉइडचं काम बिघडतं, आणि पोटातल्या बाळाच्या, लहान मुलाच्या मेंदूची वाढ खुंटते. जगभरात टाळता येण्याजोग्या मतिमंदत्वाचं सगळ्यांत मोठं कारण हेच मानलं जातं. म्हणून २००६ पासून आपल्या देशात थेट खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला बंदी आहे. आगरच्या मिठाबद्दल मला माया आहे. मिठागरं टिकायला हवीत, कैरी खारवायला, सुंगटं सुकवायला ते मीठ जरूर आणा. रोजच्या शिता-कढीत मात्र आयोडीनचं घाला, आणि शिजून झाल्यावर शेवटी घाला म्हणजे उडून कमी जाईल. तुम्ही आणि बाबू मासळी खाता, थोडं आयोडीन तिथून येतं. सासूबाईंना ती वाटही नाही. आणि तुम्हाला दुसरं मूल हवं असेल तर हा विषय आणखी महत्त्वाचा.

सासूबाईंकडे मी शेवटी आले, कारण त्यांच्याबद्दल घाईनं लिहायचं नव्हतं. पंधरा वर्षं मासळी नाही, अंडं नाही. दहा-बारा वर्षं मेटफॉर्मिन. तळपायांना मुंग्या, आणि आता विसर. हे चार धागे एकत्र धरले की मला पहिली शंका येते बी-१२ जीवनसत्त्वाची. ते झाडपाल्यात नसतं. शाकाहारी माणसाला दूध-दह्यातून मिळेल तेवढंच. यकृतात काही वर्षांचा साठा असतो, म्हणून माळ घातल्यावर लगेच काही जाणवत नाही. आणि मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ चं शोषण आणखी कमी होतं. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेनं २०२२ मध्ये डॉक्टरांना मुद्दाम सांगितलं की मेटफॉर्मिनवरच्या माणसाला अशी लक्षणं दिसली तर बी-१२ तपासा. मज्जातंतूंवरचं वेष्टण टिकायला हे जीवनसत्त्व लागतं. ते कमी पडलं की आधी पाय झिणझिणतात, मग तोल जातो, विसर पडतो, माणूस चिडचिडा होतो. वेळेवर इंजेक्शनं किंवा गोळ्या मिळाल्या तर बरंचसं परत येतं. उशीर झाला तर काही नुकसान कायमचं राहतं.

माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत आम्ही घरच्यांनीच दोन वर्षं घालवली. ‘वय झालं’ म्हणत राहिलो. मी स्वतः आहारतज्ज्ञ, तीस वर्षं लोकांना काय खावं ते सांगितलं, आणि तिच्या पायांच्या मुंग्या मला दिसल्या नाहीत. पुढे बी-१२ सापडलं, इंजेक्शनांनी तिची आठवण पुष्कळ सुधारली, पण पायांतला बधिरपणा गेला नाही तो नाहीच. ती गेल्याला सहा वर्षं झाली. तुमच्या पत्रातली ती ओळ वाचल्यावर मी म्हणूनच लगेच उत्तराला बसले.

त्या ‘मेंदू शुद्धी’ पावडरीत नेमकं काय आहे ते कुणास ठाऊक, पण अशा मिश्रणांत फॉलिक अ‍ॅसिड घातलेलं असलं तर रक्त वरवर सुधारलेलं दिसतं आणि बी-१२ ची कमतरता आत मज्जातंतू पोखरत राहते. केवळ पैसे वाया गेले असते असं नाही, वेळही गेला असता.

शुगर-फ्रीचं थोडक्यात. एका बारीक गोळीत साधारण १८ मिलिग्रॅम अ‍ॅस्पार्टेम असतं. ठरलेली मर्यादा किलोमागे ४० मिलिग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या बाईला दिवसाला शंभराहून अधिक गोळ्या. फेनिलकीटोन्यूरिया नावाचा जन्मजात आजार असेल तरच ती विष. सासूबाईंच्या चहातल्या दोन-तीन गोळ्यांनी त्यांचा मेंदू गेलेला नाही. हळूहळू कमी गोड चहाची सवय लागली तर चांगलंच, पण त्यावरून त्यांच्याशी भांडू नका.

एकादशीबद्दल मात्र बोला. उपास आणि मधुमेहाची गोळी, विशेषतः तुम्ही लिहिलेली ती ‘आणखी एक’, एकत्र आल्या तर रक्तातली साखर ७० च्या खाली जाऊ शकते. मेंदूच्या पेशी साखरेवर चालतात. घाम सुटणं, हात थरथरणं, बोलण्यात घोळ होणं ही तिची चिन्हं. तसं दिसलं तर लगेच दोन-तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, उपास असला तरी द्या, शुगर-फ्री नव्हे, खरी साखर. साखर वारंवार फार खाली गेली तर स्मरणशक्तीलाही धक्का बसतो. उपासाच्या दिवशी गोळ्यांचं काय करायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. माळ जिवापाड जपणारी माणसं उपास सोडत नाहीत, मलाही तो सोडायला सांगायचा नाही.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशभरच्या पाहणीत मधुमेहाचं प्रमाण आपल्या गोव्यात सगळ्यांत जास्त निघालं, २६.४ टक्के. देशाची सरासरी ११.४. म्हातारपणीच्या विस्मृतीची जी चौदा टाळता येण्याजोगी कारणं २०२४ साली लॅन्सेटच्या आयोगानं मांडली त्यांत मधुमेह आहे, रक्तदाब आहे, कानांनी कमी ऐकू येणं आहे, एकटेपणा आहे, डोक्याला मार आहे. खाण्यात मिसळायचे पदार्थ त्या यादीत नाहीत. सासूबाई टीव्हीचा आवाज मोठा ठेवत असतील तर त्यांचे कानही तपासा. आणि ह्यांचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला होता?

या आठवड्यात सासूबाईंना घेऊन डिचोलीच्या आरोग्य केंद्रात किंवा बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जा. बी-१२, थायरॉइड, हिमोग्लोबिन, तीन महिन्यांची सरासरी साखर आणि मूत्रपिंडाची तपासणी करून मागा. रक्त देण्याआधी बी-१२ ची कोणतीही गोळी स्वतःहून सुरू करू नका, आकडा फसवा येतो. मेटफॉर्मिन बंद करू नका, ती चांगली गोळी आहे, फक्त तिच्या जोडीला बी-१२ लागतं. विसरण्याच्या घटना तारखेनिशी कागदावर लिहून न्या. गॅस केव्हा राहिला, कुणाचं नाव आठवलं नाही, पाय कधीपासून झिणझिणतात, सगळं लिहा. डॉक्टरांसमोर पाच मिनिटांत आपल्याला काही सुचत नाही. त्यांच्या गोळ्यांची पिशवी तशीच उचलून सोबत न्या, नुसती चिठ्ठी नको. बी-१२ चा आकडा २०० च्या खाली आला, किंवा वर असूनही मुंग्या जात नाहीत असं झालं, तर मला लगेच कळवा.

— माई